कारागिरांचे प्रश्न : बोवी सुरी, तिचे पाणी आणि तिची परीक्षा

बोवी या अमेरिकन घाटाच्या लढाऊ सुरीवर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी मुठीबद्दल आणि म्यानाबद्दल आहेत. ती उत्तरे खाली आहेतच. पण सुरीचा जीव पाण्यात, म्हणजे पाते तापवून एकदम गार करून कडक करण्यात असतो, म्हणून जास्त जागा पाण्याला आणि परीक्षेला दिली आहे.

प्रश्न : जुन्या घाटाची बोवी म्हणजे नेमकी कोणती? चित्रात दिसते ती वाकड्या टोकाची, पितळी गार्डची (मुठीपुढच्या आडव्या पट्टीची) सुरीच खरी का? (मर्दानी खेळाच्या आखाड्यातील वाचक, कोल्हापूर)

चित्रातली सुरी थोडी पुढच्या काळातली आहे. जेम्स बोवी याचे नाव गाजले ते १९ सप्टेंबर १८२७ च्या झटापटीमुळे. ही झटापट नॅचेझ गावाजवळ मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या बेटावर झाली. त्या सुरीचे वर्णन त्याचा भाऊ रेझिन याने केले आहे : पाते सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकधारी आणि बाक नसलेले. आज आपण तिला खाटकाच्या सुरीचीच थोरली बहीण म्हणू.

बोवी ६ मार्च १८३६ रोजी टेक्सासमधल्या अलामोच्या वेढ्यात मारला गेला आणि त्याच्या नावाच्या सुरीला मागणी वाढतच गेली. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारखान्यांनी ती ओळखून अमेरिकेसाठी हजारो सुऱ्या पाठवल्या. टोकाकडे पाठ आत घेतलेला क्लिप, जर्मन सिल्व्हरचे आडवे गार्ड, पात्यावर कोरलेली घोषवाक्ये हा थाट मुख्यतः तिथला. अर्कान्सामधल्या वॉशिंग्टन गावच्या जेम्स ब्लॅक या लोहाराच्या नावाशी जोडलेला तिसरा घाट आहे. त्याची मूठ शवपेटीच्या आकाराची, चांदीच्या पत्र्याने मढवलेली असते आणि गार्ड नसते.

आधी या तिघांतला एक घाट निवडा. सरळ पाठीच्या पात्याला शेफील्डचे गार्ड आणि वर शवपेटी मूठ लावली की ती कुठल्याच काळातली राहत नाही.

प्रश्न : मग सव्वानऊ इंचाचीच करू का? (त्याच पत्रातून)

नको. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतील पाचव्या वर्गात धारदार शस्त्रे येतात. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या त्यात मोडतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत, पण बोवीचा घाट लढाऊ आहे, त्यामुळे त्या सवलतीवर विसंबू नका. ८ इंच लांब आणि दीड इंच रुंद पाते करा. मूळ सुरीचे प्रमाणही फारसे बिघडत नाही. ती कमरेला लावून रस्त्यावर फिरायचे नाही. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा तर नाहीच. विकायचा विचार असेल तर आधी पोलीस ठाण्यात लेखी विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये ईएन ८ पोलादाचे शाफ्ट आणि ट्रकच्या पाट्यांचे (कमानीच्या पट्ट्यांचे) भंगार भरपूर आहे. कोणते वापरू? (उद्यमनगर, कोल्हापूर)

ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास. शाफ्टला उत्तम, सुरीला अपुरा. पाणी देऊनही धार चार फांद्या तोडल्या की लोळते. त्याचे गार्ड करा, पाते करू नका.

ट्रकची पाटी बहुधा सिलिकॉन-मँगनीज पोलादाची, म्हणजे ईएन ४५ किंवा तिच्या जवळची असते. कार्बन ०.५० ते ०.६०. बोवीसारख्या घाव घालायच्या सुरीला हे पोलाद फार चांगले, कारण ते चिवट आहे. भंगाराची अडचण वेगळीच. लाखो हिसके खाल्लेल्या पाटीत केसासारख्या चिरा लपलेल्या असतात. त्या घडवताना दिसत नाहीत, पाणी देताना उघडतात. शिवाय पाटी कोणत्या ग्रेडची हे नक्की नसते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावकडच्या व्यापाऱ्याकडून टेस्ट सर्टिफिकेटसह नवी पट्टी घ्या. पैशांचा फरक थोडा, मनस्तापाचा मोठा.

भंगारच वापरायचे असेल तर आधी हाताएवढा तुकडा कापा. त्याला पाणी द्या, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने तोडा आणि तुटलेली बाजू उन्हात पाहा. राखाडी, मखमलीसारखा पोत दिसला तर पोलाद आणि तुमचा ताव (तापवण्याचे प्रमाण) दोन्ही बरोबर. साखरेसारखे चमकते दाणे दिसले तर ताव जास्त झाला. तुकडा न तुटता वाकत राहिला तर कार्बन कमी आहे किंवा ताव पुरेसा चढला नाही.

प्रश्न : धार ठोकली की पाते पाठीकडे केळ्यासारखे वळते. क्लिप काढायला जागाच उरत नाही. (कागल)

धारेकडचा भाग ठोकून पातळ केला की तो लांब होतो, पाठ तेवढीच राहते. पाते पाठीकडे वळणारच. म्हणून धार ठोकण्यापूर्वी लाल पट्टीला धारेच्या बाजूला बाक द्या, अगदी विळ्यासारखा. धार पातळ होत जाईल तसे पाते आपोआप सरळ होते. बाक कमी-जास्त राहिला तर लाकडी मोगरीने ऐरणीवर सरळ करा, लोखंडी हातोड्याचे वण पडत नाहीत.

गार्डपाशी पाठ ५.५ मिमी, क्लिप सुरू होतो तिथे ३.५ मिमी, टोकाला २ मिमी. हा उतार आधी घणाने आणा. सगळे ग्राइंडरवर काढायला गेलात तर सुरी हातात टोकाकडे जड लागते. क्लिपची लांबी पात्याच्या साधारण तिसरा हिस्सा. पाणी देण्यापूर्वी क्लिपची धार काढू नका, तिथे १ मिमी जाडी ठेवा. जुन्या क्लिपच्या सुऱ्यांत तो भाग बऱ्याचदा धारदार असे, पण जोखीम टोकाची असते आणि तुटते तेही तिथेच.

पात्याची शेपटी मुठीत जाते तिथल्या कोपऱ्यात २ ते ३ मिमी गोलाई हवी. काटकोनी खाचा इथे सगळ्यात जास्त घात करतात. गोल कानसीने दोन मिनिटांचे काम आहे.

प्रश्न : ईएन ४५ चे पाते तेलात घातल्यावर ‘टिंग’ असा आवाज आला आणि धारेला आडवी चीर दिसली. दुसरे पाते वाकले. दोन्ही एकाच भट्टीत, एकाच तेलात. चूक कुठे? (गडहिंग्लज)

तो आवाज चीर पडल्याचाच. ते पाते आता दुरुस्त होणार नाही. तोडून पोत पाहा, म्हणजे त्याचा काही तरी उपयोग होईल. पत्रात तुम्ही कोक आणि भरदुपार लिहिले आहे. बहुतेक दोष त्या दोन शब्दांत आहे.

कोल्हापुरात फाउंड्रीचा कोक सहज मिळतो, म्हणून लोक तोच भट्टीत टाकतात. घडवायला चालतो. पाणी द्यायच्या तावाला तो फार तापतो, धार पाठीच्या आधी पांढरट होते. या कामाला लाकडी कोळसा घ्या आणि भाता हळू चालवा. भट्टीत एका बाजूने बंद पोलादी नळी ठेवून तिच्यात पाते तापवले तर ताव सारखा बसतो.

भरदुपारी रंग दिसत नाही. उन्हात जे गडद लाल वाटते ते अंधारात नारिंगी असते आणि आपण वर वर चढवत जातो. संध्याकाळी, किंवा शेडमध्ये अंधार करून काम करा. चुंबकाने पाहा : साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचे थांबते. ईएन ४५ ला त्याच्या पुढे जायचे आहे, ८६० च्या आसपास. मीठ ८०१ अंशांना वितळते. नमुन्याच्या तुकड्यावर चिमूटभर टाका, ज्या रंगाला ते काचेसारखे पसरते तो रंग डोळ्यांत भरून घ्या. त्याच्या एक छटा वर आपला ताव. पात्यावर मात्र मीठ टाकू नका, गंज धरते.

आता क्रम. घडवून झाल्यावर पाते तीनदा नॉर्मलाइझ करायचे : ८७०, मग ८४०, मग ८०० अंशांपर्यंत तापवून प्रत्येक वेळी स्थिर हवेत काळे होईपर्यंत गार करायचे. पंखा नको, फरशीवर ठेवणे नको, टांगून ठेवा. घणाने साठलेले ताण इथे सुटतात. बरेच जण ही पायरी गाळतात आणि पात्याचा वाक त्यातून येतो.

मग रफ ग्राइंडिंग. धार १.२ ते १.५ मिमी जाड राहू द्या, त्याहून पातळ केली तर ती लाटेसारखी वाकते किंवा चिरते. दोन्ही बाजू सारख्या घासल्या आहेत का ते व्हर्नियरने बघा. ३६ ग्रिटचे आडवे ओरखडे राहिले असतील तर १२० पर्यंत, पात्याच्या लांबीच्या दिशेने, काढून टाका. आडवा ओरखडा म्हणजे चिरेला आखून दिलेली वाट. तुमची चीर आडवी आहे, म्हणून आमचा संशय आधी याच्यावर आणि मग तावावर.

तेल : शेंगतेल किंवा सोयाबीन, किमान ६ लिटर, उभ्या पोलादी नळकांड्यात, ५० ते ६० अंश कोमट. थंड तेल घट्ट असते, उष्णता हळू ओढते. जळके इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो. नळकांड्याला पत्र्याचे झाकण आणि शेजारी कोरड्या वाळूची बादली हवीच. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही नाही. पाते टोकाकडून सरळ खाली न्या. आत हलवायचे ते धार-पाठ या दिशेने, चाकू कापतो तसे. बाजूला हलवले की एक अंग आधी गार होते आणि पाते वाकते. दहा-बारा सेकंदांनी काढून डोळ्यासमोर धरा. वाकले असेल तर पुढच्या मिनिटभरात, हातमोजे घालून, दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये दाबून सरळ करा. तेवढीच संधी. पूर्ण गार झालेले पाते दाबले तर काचेसारखे तुटेल.

कानस लावून पाहा. घसरली पाहिजे. चावली तर लगेच निराश होऊ नका : सिलिकॉनच्या पोलादाची वरची कातडी तापवताना कार्बन गमावते, ती मऊ असते. थोडे घासून आत पुन्हा पाहा.

तासाभराच्या आत ओव्हन, म्हणजे टेंपर : ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा थोडे तापवणे. २२० अंश, दोन तास, मध्ये पूर्ण गार करून पुन्हा दोन तास. घरगुती ओव्हनचा आकडा पंधरा-वीस अंश इकडेतिकडे होतो. ट्रेमध्ये वाळू पसरून पाते तिच्यात ठेवा आणि वेगळा थर्मामीटर लावा. कडकपणा रॉकवेल सी (कडकपणाचे यंत्रावरचे माप) ५६ ते ५८ आला पाहिजे. शेवटी पाठ मऊ करायची. धार सेंटिमीटरभर पाण्यात बुडवून पाठीवरून गॅसची ज्योत फिरवा, निळा रंग येईपर्यंत. निळा म्हणजे सुमारे ३०० अंश. तीन वेळा. धारेकडे गवती पिवळ्यापुढचा रंग सरकू लागला तर लगेच थांबा.

प्रश्न : ईएन ३१ चे (बेअरिंगच्या पोलादाचे) पाते हीट ट्रीटमेंटला, म्हणजे पाणी आणि टेंपर द्यायला, बाहेर दिले. ६१ रॉकवेल आले, पण लाकडावर घाव घातला की धारेचे तुकडे उडतात. (इचलकरंजी)

६१ हा आकडा बेअरिंगला शोभतो. स्वयंपाकाच्या पातळ सुरीलाही चालेल. घाव घालणाऱ्या सुरीला ५८ पुरे. तेच पाते २४० ते २५० अंशांना दोन तास, दोनदा पुन्हा टेंपर करा. नव्याने पाणी द्यायची गरज नाही. तरीही तुकडे उडाले तर पोत जाड झाला आहे, म्हणजे पोलादाचे दाणे मोठे झाले आहेत, आणि त्याला टेंपरने इलाज नाही.

पोत जाड होण्याचे कारण बहुधा वेळ. हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये मशीनचे जाड भाग रोज येतात. त्यांच्याबरोबर पाते टाकले तर तेही अर्धा-पाऊण तास तावात राहते, आणि ५ मिमी पात्याला पाच ते दहा मिनिटे पुष्कळ झाली. पुढच्या वेळी चिठ्ठीवर लिहून द्या : पाते टांगून ठेवणे, आडवे नको, तावातली वेळ, टेंपरचे तापमान, कडकपणा तीन ठिकाणी मोजून, आणि मोजणीचा ठसा शेपटीवर किंवा गार्डजवळच्या सपाट भागावर, धारेच्या उतारावर नाही. तिरक्या जागेवर मोजलेला आकडा खोटा येतो.

प्रश्न : सुरी चांगली झाली हे ठरवायचे कसे? वाकवून पाहायची हिंमत होत नाही. (शिरोळ)

हिंमत होऊ नये हेच बरोबर. वाकवायचे पाते वेगळे करायचे : एकाच पट्टीतून दोन पाती, एकाच दिवशी, एकाच भट्टीत. एकाला मूठ, दुसरे तोडायला.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही १९७६ मध्ये स्थापन झालेली संस्था कारागिरांना पहिल्या दर्जासाठी चार कसोट्या लावते : एक इंच जाडीचा टांगलेला दोर एका घावात तोडणे, ‘टू बाय फोर’ लाकूड दोनदा तोडणे, त्यानंतर त्याच धारेने केस उतरवणे, आणि शेवटी पाते ९० अंश वाकवणे. आमच्या मते यातला क्रम हीच खरी खुबी आहे. प्रत्येक कसोटी वेगळा दोष दाखवते आणि आधीची पास झाल्याशिवाय पुढचीला अर्थ नाही.

त्याआधी घरच्या घरी पितळी सळीची कसोटी घ्या. ६ मिमी सळी व्हाइसमध्ये आडवी धरा. धार तिच्यावर तिरकी, धारेच्या कोनाएवढी टेकवून दाबत ओढा. उजेड मागून असेल तर धार किंचित वाकताना दिसते. उचलल्यावर ती परत सरळ झाली तर पाणी बरोबर. वाकलेलीच राहिली तर मऊ. पुन्हा पाणी द्यावे लागेल. तुकडा उडाला तर टेंपर कमी; २० अंश वाढवून पुन्हा करा. ही कसोटी पाच मिनिटांची, आणि मूठ लावायच्या आधी घेतली तर सगळे काम वाचते.

दोर काथ्याचा किंवा मॅनिलाचा घ्या आणि वरून मोकळा टांगा. खालच्या टोकापासून सहा इंचांच्या आत घाव घालायचा. इथे कडकपणाचा संबंध थोडा, आकाराचा जास्त. दोर तुटायऐवजी झुलला तर धारेमागची जाडी बघा : ०.५ ते ०.६ मिमी हवी आणि प्रत्येक बाजूला २० अंशांच्या आसपास कोन. निसण्यावर ४०० ते ६०० ग्रिटपर्यंतच न्या. आरशासारखी घोटलेली धार दोराच्या तंतूंवर घसरते, थोडी दातेरी धार त्यांना पकडते.

लाकडासाठी एमआयडीसीत पॅकिंग खोक्यांची पाइनची फळी मिळते. ३८ बाय ८९ मिमी असा काप हवा. शिकंज्यात घट्ट बांधा, पाय बाजूला ठेवा, घावाच्या रेषेत कोणी उभे राहू नये. मूठ तेलकट नको. सुरी निसटली तर तिला पकडायला हात पुढे करू नका, मागे सरका. दोनदा तोडून झाल्यावर धारेवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तिथे काही तरी झाले आहे. भिंगातून पाहा : लोळलेली धार चमकदार रेघेसारखी दिसते, उडालेली धार चावल्यासारखी. गार्ड हलले असेल तर खाच सैल आहे, डाग देऊन ते लपवू नका.

वाकवण्यासाठी पात्याचे टोक दोन-तीन इंच व्हाइसमध्ये धरा आणि शेपटीवर लांब पाइप घाला. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड आणि अंगात जाड चामड्याचे जाकीट हवेच, तुटलेला तुकडा गोळीसारखा येतो. झटका न देता ओढत न्या. धारेला चीर पडली तर चालते, पात्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांशापर्यंत. ४० अंशांच्या आत खटकन तुटले तर पाठ पुरेशी मऊ नाही किंवा पोत जाड आहे. तुटलेली बाजू लगेच पाहा, ती दोन्हींतले कोणते ते सांगते. काहीच चीर न पडता ९० अंशांवर तसेच वाकून राहिले तर धारेलाही पाणी कमी बसले असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : सांबराच्या शिंगाची मूठ हवी आहे. कुठे मिळेल? (कोल्हापूर)

जुन्या शेफील्ड सुऱ्यांना ती असे, हे खरे. आज वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे तिचा व्यापार बेकायदा आहे. म्हशीचे शिंग घ्या किंवा शिसम. शिसम पुरते वाळलेले हवे, नाही तर जूनमध्ये मूठ गार्डला चिकटून बसते आणि मार्चमध्ये नख जाईल एवढी फट पडते. इपॉक्सी २४ तासांचे, भर पावसात लावत असाल तर बंद खोलीत बल्ब लावून. क्लॅम्प फार आवळलात तर सगळे इपॉक्सी बाहेर येते आणि सांधा कोरडा राहतो. वरून जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर दिवसभर थांबून.

प्रश्न : चपलांच्या चामड्याचे म्यान चालेल का? सुरी म्यानातच ठेवली तर गंजते. (कोल्हापूर)

बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले आपल्याकडचे चामडे म्यानाला फार चांगले, ३ मिमीचे घ्या. क्रोमवर कमावलेले घेऊ नका, त्यातले क्षार पोलाद खातात. पण कमावण्यासाठी वापरलेले टॅनिनही आम्लधर्मी असते आणि पावसाळ्यात चामडे दमट हवा शोषते. म्हणून म्यान फक्त नेण्या-आणण्यासाठी. ठेवताना सुरी बाहेर, पात्यावर खनिज तेलाचा पुसट हात, सुती कापडात गुंडाळून. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा उघडून पाहा. काळे डाग पडू लागले तर बारीक स्टील वूल आणि तेल. लाल गंज दिसायच्या आत हे करायचे.

म्यान शिवताना धारेच्या बाजूला दोन चामड्यांच्या मध्ये त्याच जाडीची एक पट्टी घाला. धार त्या पट्टीवर टेकते, दोऱ्यावर नाही. आरीने भोके ५ मिमी अंतरावर, कडेपासून ४ मिमी आत. मेण लावलेला दोरा आणि दोन सुया. टोकाशी शेवटचे तीन टाके उलटे घाला, कारण उसवायला सुरुवात तिथून होते.